व्हिक्टोरियातील कराराचे स्वागत

महोदय,

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या आदिम रहिवाशांशी करार केला, याचा मनापासून आनंद वाटतो. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतकाराने त्यांच्या पूर्वजांकडून घोंगड्या, चाकू, कुऱ्हाडी आणि पीठ यांच्या बदल्यात मेलबर्न परिसराची जमीन लिहून घेतली. गव्हर्नर बर्क यांनी तो व्यवहार रद्द ठरवला, पण जमीन ब्रिटिश राजसत्तेची आहे असे सांगून! मूळ धन्यांच्या हाती काहीच उरले नाही.

आता या करारातून ‘गेलुंग वार्ल’ ही कायमस्वरूपी संस्था उभी राहते आहे. तिच्यातील निवडून आलेली सभा आदिवासींशी संबंधित कायद्यांवर सरकारला सल्ला देईल. दुसरा विभाग सरकारने दिलेला शब्द पाळला का ते तपासेल, तिसरा इतिहासाच्या साक्षी नोंदवेल. सभेला नकाराधिकार नाही, खासगी जमिनींना धक्का नाही. त्यामुळे विरोधकांची ओरड अनाठायी आहे. स्थानिक समूहांचे करार वेगळे होतील.

धोका एकच, पण मोठा: हे सारे साध्या कायद्यावर उभे आहे. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड राज्यात २०२३ चा करारप्रक्रियेचा कायदा सत्ताबदल होताच २०२४ मध्ये रद्द झाला. व्हिक्टोरियातही विरोधी आघाडीने तसेच जाहीर केले आहे, आणि तिथे नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक ठरलेली आहे.

– काही वाचक