अळीला ‘सवय’ लागत नाही

महोदय,

कपाशीचा हंगाम भरात आला की गुलाबी बोंडअळीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते : ‘अळीला बीटीची सवय झाली.’ (बीटी म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने झाडातच अळीमारक विष तयार होणारी कपाशी.) कृषी केंद्राच्या काउंटरवरही तेच ऐकू येते. सवय माणसाला लागते, चहाची नाही तर खर्ऱ्याची. बोंडात शिरलेल्या अळीला विष बाधले तर ती काही दिवसांतच मरते, आणि मेलेली अळी काही शिकत नाही. हा शब्दाचा कीस उगाच काढत नाही. ‘सवय’ म्हटले की ‘औषध बदला, डोस वाढवा’ यापलीकडे उपाय सुचत नाही. आणि फवारणीवरच भिस्त ठेवली की काय होते, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना झालेल्या विषबाधेने दाखवले आहे.

बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. पण सगळ्या अळ्यांचे कॅडहेरिन सारखे नसते. लाखोंत एखादीच्या जनुकात मुळातच बदल असतो, त्यामुळे विषाला चिकटायला जागा मिळत नाही. हा बदल बीटीने घडवलेला नाही. असे बदल आपोआप होत असतात, आणि साध्या कपाशीत त्यांचा अळीला काडीचा फायदा नसतो. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, शिवारेच्या शिवारे एकाच विषाने भरली, बाकीच्या अळ्या मेल्या आणि ही उरली. एकही अळी बदलली नाही, अळ्यांमधले प्रमाण बदलले. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात तिचा धडाही आहे.

आता थोडे गणित. समजा, जनुकाच्या हजार प्रतींत एक प्रत बदललेली आहे. आई आणि बाप दोघांकडून तीच प्रत मिळालेली अळी दहा लाखांत एक निघेल. एकाच बाजूने मिळालेल्या मात्र हजारात सुमारे दोन. झाडात विष भरपूर असेल तर या एकेरी प्रतीच्या अळ्याही मरतात. सगळा खेळ इथे आहे. म्हणून तर बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिनबीटी बियाणे येत असे : बांधाकडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. त्या ओळींत साध्या पतंगांची फौज तयार व्हावी, वाचलेल्या एखाद्या पतंगाचे मीलन त्यांच्याशीच व्हावे आणि पिल्ले एकेरी प्रतीची निघून बीटीवर मरावीत, असा तो हिशेब. प्रत्यक्षात ते पाकीट अनेकदा धुऱ्यावर रिकामे झाले. पुढे काही पाकिटांत बिनबीटीऐवजी तूर आली. तूर अमेरिकन बोंडअळी खाते, गुलाबी अळी तिला तोंडही लावत नाही! अमेरिकन अळीला तूर, हरभरा, टोमॅटो सगळे चालते. बीटी न चाखलेले तिचे पतंग शिवारात आपसूक तयार होतात. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ कपाशीवरच. दोघींवर विष एकच, पण बीटीला आधी पुरून उरली ती गुलाबी, यात हे मोठे कारण आहे.

दुसरे कारण बियाण्यातच आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्याकडे बीटी जवळजवळ सगळी संकरित वाणांतून आली. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या एकसारख्या नसतात. एका जनुकाच्या बीटीत चारांतली एक सरकी बिनविषाची निघते. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीजी-२ मध्ये सोळांपैकी नऊ सरक्यांत दोन्ही विषे, सहांत एकच आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते सरकीच. म्हणजे एकेरी प्रतीच्या ज्या अळीने मरायचे, तिला अर्धवट मात्रा मिळते आणि ती जगते. त्यातच गुजरातेत पहिल्या विषाला ती दाद देईनाशी झाल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. तिच्यापुरते बीजी-२ चे दुसरे विष एकटेच उरले.

मग फरदड, म्हणजे वेचणीनंतरही आणखी बोंडांसाठी उभे ठेवलेले पीक. झाड म्हातारे होते तसे विष घटते, आणि महिन्याभरात एक पिढी या हिशेबाने मार्चपर्यंत पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उभी ठेवली तर निवडीच्या आणखी दोन-तीन फेऱ्या होतात. वेचणी संपवून डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटणे हे फवारणीपेक्षा मोठे औषध आहे. उलट बाजूने, धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरणी) केली की जूनमध्ये कोषातून निघालेल्या पतंगांना आयत्या पात्या (फुलांच्या कळ्या) सापडतात. उशिरा पेरलेल्या शेतात त्यांना अंडी घालायला जागा नसते.

अमेरिकेत १९९६ पासून बीटी कपाशी आहे. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी बिनबीटीचा नियम काटेकोर पाळला, २००६ पासून नपुंसक पतंग सोडले आणि २०१८ मध्ये त्या देशाने कपाशीच्या पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यांची शेते मोठी, आपली दोन-चार एकरांची, म्हणून नक्कल जमणार नाही. पण मोजणी जमते. पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावावेत; सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले, शंभर फुलांत दहा डोमकळ्या (आत अळी असल्याने नीट न उमललेली फुले) दिसल्या किंवा वीस हिरवी बोंडे फोडल्यावर दोनांत अळी निघाली, तरच फवारावे. पुढची फवारणी वेगळ्या गटातल्या कीटकनाशकाची असावी, नाहीतर निवडीचा हाच खेळ त्या औषधावरही सुरू होतो. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत, कारण सरकीतून अळी तिथवर पोचते.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. तिच्या मदतीने जुलै ते डिसेंबर, बाजारभावाच्या चौकटीशेजारी तालुकावार सापळ्यांतल्या पतंगांचा आठवड्याचा आकडा आपल्या कृषी पानावर छापता येईल का?

— एक वाचक, नागपूर