पात्रता दिली, पण निम्मा खर्च कोण भरणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत सागरी कचरा काढण्यासाठी मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानात आदिवासी जमातींची पात्रता वाढवावी, ही मागणी रास्तच आहे. पण सागरी कचऱ्याविषयीच्या २००६ च्या मूळ कायद्यातही जमातींची सरकारे पात्र होतीच. घोडे अडते ते अटींपाशी.

या कायद्याखाली नोआ ही समुद्र व हवामानाचे काम पाहणारी केंद्रीय संस्था एकूण खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंतच पैसे देते. उरलेला वाटा अर्जदाराने रोख रक्कम, बोटी किंवा श्रमाचे तास अशा रूपात दाखवायचा. छोट्या जमातीकडे येणारा बराचसा पैसा केंद्राकडूनच येतो आणि एका केंद्रीय अनुदानाची रक्कम दुसऱ्यासाठी स्वतःचा वाटा म्हणून सहसा चालत नाही. माफीची सोय आहे, पण दुसरा मार्गच उरलेला नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचे. जमातींना ही अट सरसकट माफ व्हायला हवी.

अलास्कात जमिनीचा गुंता वेगळाच. तिथे सव्वादोनशेहून अधिक मान्यताप्राप्त जमाती आहेत, पण १९७१ च्या कायद्याने जमीन जमातींच्या परिषदांऐवजी नेटिव्ह कॉर्पोरेशनांच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मालकीच्या कंपन्यांच्या, नावावर गेली. अर्ज परिषदेचा, किनारा कॉर्पोरेशनचा! म्हणून पात्र अर्जदारांच्या व्याख्येत जमातींचे संघ व संस्थाही स्पष्टपणे हव्यात आणि संयुक्त अर्ज चालायला हवेत.

प्रत्यक्ष कामात गोळा करण्यापेक्षा वाहतूक महाग पडते. तिथल्या बहुतेक किनाऱ्यांना रस्ता नाही आणि काम उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांतच होते. ट्रॉलरची जाळी वाळूत आणि ओंडक्यांत गुरफटलेली असतात. ती ओढून निघत नाहीत, कापूनच काढावी लागतात. मग साधारण घनमीटरभर मापाच्या पोत्यांत भरून, भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर रचून, हेलिकॉप्टरला टांगून बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर) चढवायची. गावातले कचरा डेपो एवढा माल घेऊ शकत नाहीत. २०१५ मध्ये अशी हजारो पोती थेट सिअॅटलला न्यावी लागली. पैसे ऑगस्टमध्ये हाती आले तर बार्ज मिळत नाही आणि हिवाळी वादळांत पोती फुटून कचरा पुन्हा समुद्रात जातो.

अलास्काच्या सेंट पॉल बेटावर फर सील या सागरी प्राण्याच्या गळ्यात खोक्यांच्या प्लॅस्टिक पट्ट्या अडकतात. प्राणी वाढतो तशी पट्टी मांसात रुतत जाते. तिथला अल्युत हा मूळनिवासी समाज हा किनारा साफ करतो. कोणत्या वाऱ्यानंतर कोणत्या खाडीत जाळी साचतात, हे त्यांना ठाऊक असते. अशांना आधी खर्च करा, मग परतावा मागा, असे सांगणे अन्याय्य आहे. मंजुरी मार्चपर्यंत आणि बार्ज-हेलिकॉप्टरची रक्कम आगाऊ मिळावी.

आपले,
सागरी कचरा निर्मूलनाच्या कामातील दोन वाचक, सिअॅटल