पोटरीवरचे हात थांबवणाऱ्या ताईंना

आदरणीय फिजिओथेरपिस्ट ताई,
स. न. वि. वि.

पोटरीत चमक भरली की गरम तेल लावून खसाखसा चोळायचं, ही सोलापुरातल्या तालमींची जुनी रीत. ती तुम्ही मोडलीत, म्हणून आम्हा वस्तादांचं हे पत्र. स्नायूचे धागे तुटले की आत रक्त साकळतं. चोळल्याने, शेकल्याने ते वाढतं. मांडीच्या मोठ्या मुक्या माराला तर चोळून चोळून आत हाडासारखी गाठही धरू शकते. हे कारण सांगितलंत म्हणून पोरांचे हात थांबले. नुसतं ‘चोळू नका’ कुणी ऐकलं नसतं.

तुमचा टॉवेल आता घरोघरी फ्रीजरमध्ये असतो. लहान टर्किश टॉवेल ओला करून पिळायचा, पिशवीत घालून गोठवायचा आणि मध्ये कोरडं फडकं ठेवून पोटरीवर 10 ते 15 मिनिटं धरायचा. दोन-तीन तासांनी पुन्हा, पहिले दोन-तीन दिवस. टॉवेल सोलापूरचाच, त्यामुळे पाणी भरपूर धरतो! झोपून पाय चादरींच्या घड्यांवर, छातीपेक्षा उंच. 10 सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर दिसली तर लगेच सोडून सैल बांधायचं. रात्री काढून ठेवायचं.

पण खरे उपकार पुढचे. दुखणं ओसरलं म्हणजे स्नायू भरला, असं नाही. घाईने ताणला तर कोवळे धागे पुन्हा तुटतात, आणि नुसतं पडून राहिलं तर पोटरी बारीक होते. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास घोटा वर-खाली, मग खुर्चीत बसून टाचा उचलणं, मग भिंतीला हात लावून उभ्याने, 10-10 चे तीन फेरे. उतरताना तीन-चार सेकंद लावायचे. सगळे नेमकं तिथंच घाई करतात. दुखणं 10 पैकी 3 पर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलं तर एक पायरी मागे. दुखऱ्या एका पायावर चांगल्या पायाइतक्याच टाचा उचलता येईपर्यंत दोरीउड्या बंद. साध्या चमकीलाही दोन-तीन आठवडे जातात.

टाचेमागे फट्टकन आवाज येऊन चवड्यावर उभंच राहता येईना, किंवा मार नसताना एकच पोटरी सुजून गरम झाली, तर घरी काही न करता थेट डॉक्टरांकडे, हेही आता भिंतीवर लिहिलंय.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत पेलून मिरवायच्या उंच नंदीध्वजांचा सराव सुरू होण्याआधी एक रविवार द्याल का? नव्या पोरांना बँडेज अजून धड बांधता येत नाही.

आपले नम्र,
तालमीतले वस्ताद