तक्ता छापलात, नमुन्याचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘खाणीलगतचे पाणी निर्दोष’ ही कालची बातमी आणि तिच्यातला पाणी-तपासणीचा तक्ता वाचला. बातमीपेक्षा तिच्यासोबतचे छायाचित्र जास्त बोलके आहे. निरीक्षण विहिरीचे (म्हणजे भूजल तपासण्यासाठी जमिनीत उतरवलेल्या अरुंद नळीचे) झाकण उघडलेले, दोरीचा बेलर, म्हणजे पाणी काढायचे नळकांडे, नुकताच वर आलेला आणि त्यातले पाणी थेट बाटलीत! शेजारी ना पंप, ना मीटर, ना उपसलेल्या पाण्याची बादली.

नळीत महिनोन्महिने उभे असलेले पाणी म्हणजे भूजल नव्हे. हवा लागून आणि नळीच्या संगतीने ते बदललेले असते, म्हणून आधी ते काढून टाकावे लागते. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरमागे साधारण दोन लिटर पाणी मावते. पाण्याचा स्तंभ २० मीटरचा असेल तर ४० लिटर, आणि रूढ नियम तिप्पट उपसण्याचा, म्हणजे १२० लिटर. तेवढा उपसा नको असेल तर दुसरी रीत आहे. नळीच्या जाळीदार भागासमोर पंप सोडून मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी गतीने पाणी काढत राहायचे. सलग तीन नोंदींत सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ०.१ च्या आत आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) ३ टक्क्यांच्या आत स्थिरावली की मगच बाटली भरायची. पहिल्याच बेलरवर समाधान मानायचे होते, तर विहीर खोदली कशाला?

आणि बाटलीही एकच! धातूंसाठीचा नमुना विहिरीपाशीच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, सामू २ च्या खाली येईपर्यंत नायट्रिक आम्ल घालून बंद करतात. सल्फेट आणि क्षारतेसाठी (पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या ताकदीसाठी) बाटली वेगळी. तिच्यात आम्ल नाही, ती फक्त थंड ठेवायची. हे सोपस्कार नव्हेत. खोलवरच्या पाण्यात बहुधा प्राणवायू नसतो, त्यामुळे लोह विरघळलेले राहते. बाटलीत हवा लागली की त्याचा तांबूस साका बसतो आणि जाताना आर्सेनिकलाही सोबत घेऊन जातो. प्रयोगशाळा वरचे नितळ पाणी तपासते, अहवाल उत्तम येतो. उलट, न गाळताच आम्ल घातले तर मातीच्या कणांतले धातू विरघळतात आणि निर्दोष विहीर दोषी ठरते. चूक दोन्हीकडे करता येते. बातमीतल्या अहवालाने कोणती केली, एवढे तरी कळू द्या. सामूही जागेवरच मोजायचा असतो, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो आपोआप चढतो.

‘सामू सातच्या आसपास, म्हणजे खाणीचा परिणाम नाही’ हे वाक्य तर चौकटीत छापले आहे. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी मिळाले की आम्ल तयार होते, हे खरे. पण वाटेत चुनखडी असली तर ती ते आम्ल मारते. सामू सातच राहतो, सल्फेट मात्र चढत जाते. जस्त, मँगेनीज, आर्सेनिक अशा उदासीन (सामू सातच्या) पाण्यातही विरघळलेले राहू शकतात. म्हणून जाणकार सल्फेट आधी पाहतो, आणि सुरुंगाच्या दारूतल्या अमोनियम नायट्रेटमुळे नायट्रेट व अमोनियाही. तुमच्या तक्त्यात हे तिन्ही नाहीत. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेटही नाही. ते असते तर धन आणि ऋण आयनांची (विरघळलेल्या विद्युतभारित कणांची) बेरीज मांडून आकडे ५ टक्क्यांच्या आत जुळतात का, हे वाचकांनाही पाहता आले असते.

ओढ्याचा नमुना एक, प्रवाहाचे माप शून्य. उन्हाळ्यात सेकंदाला ४ लिटर पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम जस्त असेल, तर सेकंदाला २० मिलिग्रॅम वाहते. पावसाळ्यात १०० लिटरमध्ये लिटरमागे एकच मिलिग्रॅम सापडले, तरी ते १०० मिलिग्रॅम झाले. तक्त्यात ‘घट’, ओढ्यात पाचपट. शिवाय खाणीचे पाणी मिसळल्यावर बरेच अंतर एकाच काठाला धरून वाहते. वाहकतेचा मीटर या काठापासून त्या काठापर्यंत फिरवला की कुठे मिसळले ते लगेच कळते. नमुने खालच्या ठिकाणापासून वरच्या दिशेने घ्यायचे, आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत जाऊ नये म्हणून.

मुख्य म्हणजे, खाणीतले पाणी उपसणारे पंप चालू आहेत तोवर आजूबाजूचे भूजल खाणीकडेच ओढले जाते. अशा वेळी खाणीभोवतीची विहीर स्वच्छ निघाली, यात नवल ते काय? परीक्षा पंप थांबल्यावर असते. पाणी चढत जाऊन बोगद्यांच्या भिंतींवर साठलेले क्षार एकदम विरघळवते. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद पडली, आणि जानेवारी १९९२ मध्ये तिचे धातूमिश्रित पाणी फुटून फॅल नदीच्या खाडीपर्यंत तांबडे होऊन पोहोचले. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत विहिरीतील पाण्याची पातळी लिहायची असते. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही.

जाता जाता आणखी एक. ‘आर्सेनिक लिटरला ८ मिलिग्रॅम, मर्यादेत’ असे छापले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तुमच्या आकड्याने पाणी मर्यादेच्या ८०० पट विषारी ठरते, आणि मथळा ‘निर्दोष’! बहुधा मायक्रोग्रॅमच असावेत. मूळ अहवाल पाहून दुरुस्ती पहिल्याच पानावर द्यावी. बातमीही तिथेच होती.

आपला,
एक नियमित वाचक