पहिली भेट कॅफेतच हवी

महोदय,

परस्परसंमतीने बंधन, नियंत्रण किंवा वेदना अनुभवण्याची आवड, म्हणजेच बीडीएसएम, हा प्रौढांमध्ये केवळ तेवढ्यावरून विकार ठरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात स्पष्ट आहे. तरीही संकोचापोटी नवखी मंडळी थेट अनोळखी माणसाच्या फ्लॅटवर जातात, याची मला काळजी वाटते.

माझी अशी आवड असणाऱ्यांच्या गटाशी पहिली भेट कॉलेज रोडवरच्या गजबजलेल्या कॅफेत, भरदुपारी झाली. कुठे जातो आहे, हे मी मित्राला सांगून ठेवले होते. दोन तासांत कॉफी आणि गप्पांपलीकडे काहीही घडले नाही, आणि (खरे सांगायचे तर) तेच मला भावले. एका गृहस्थांनी मात्र ‘थांब’ म्हणण्याचा शब्द आधी ठरवण्याची गरजच काय, असे हसत विचारले. त्यांच्याशी मी पुढे संबंध ठेवला नाही.

दोराने बांधण्याच्या बाबतीत तर हयगय नकोच: गळ्याभोवती दोर नसावा, बोटांना मुंग्या येताच गाठ सोडावी, बोथट टोकाची कात्री हाताशी असावी आणि बांधलेल्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. छायाचित्रे काढण्यास पहिल्याच दिवशी स्पष्ट नकार द्यावा.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक