गुप्त ईमेलमध्ये काय गुप्त राहत नाही, ते आमच्या भाषेत सांगायला लावा

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी नाशिकमध्ये एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी बायकांना कॉम्प्युटर आणि मोबाइल जपून कसा वापरायचा ते शिकवते. मागच्या वर्षी वर्ग सुटल्यावर एक ताई मागे थांबल्या. खाजगी कंपनीत अकाउंट्सला होत्या. साहेबांच्या वागण्याविषयी त्यांनी वरिष्ठांना एका एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या, ईमेल सेवेवरून निनावी तक्रार पाठवली होती. चौथ्या दिवशी त्यांनाच केबिनमध्ये बोलावलं. मेल कुणी फोडला नव्हता, तशी गरजच पडली नाही. त्या दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ती साइट उघडणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि ऑफिसच्या नेटवर्कवर तशी नोंद होती. "एन्क्रिप्टेड म्हणजे कुणालाच कळत नाही ना हो, मॅडम?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा नोकरी गेलेली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी माझाच एक एन्क्रिप्टेड मेल पडद्यावर दाखवला. मजकुराच्या जागी अक्षरांचा नुसता काला, एक शब्द लागत नव्हता. पण त्याच्या वर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, तारीख, मिनिटापर्यंत वेळ आणि विषयाची ओळ, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. पीजीपी या मेल कुलूपबंद करण्याच्या जुन्या पद्धतीत हे असंच असतं, आणि प्रोटॉन मेल ही स्वित्झर्लंडमधली एन्क्रिप्टेड ईमेल सेवाही विषयाची ओळ मजकुरासारखी झाकत नाही. शिवाय समोरचा माणूस साध्या जीमेलवर असेल, तर त्याच्याकडे तो मजकूर जीमेलवरच्या इतर मेलसारखाच पडून राहतो.

कायद्याने मागणी आली की या सेवांना माहिती द्यावीच लागते. 2021 मध्ये पॅरिसमधल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या प्रकरणात फ्रेंच पोलिसांची मागणी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेमार्फत स्वित्झर्लंडला गेली, आणि स्विस आदेशामुळे प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे ते कोणत्या इंटरनेट जोडणीवरून उघडलं त्याचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. त्यानंतर कंपनीने आयपी नोंदींबद्दलची आपल्या वेबसाइटवरची भाषा बदलली. स्पेनमधल्या कॅटलान स्वातंत्र्य चळवळीच्या तपासात तर खातं परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा ईमेल पत्ता पुरला. तो ॲपलचा होता, आणि पुढचा माग ॲपलकडून लागला. दोन्ही वेळा मेलमधला मजकूर वाचला गेला नाही, तरी माणूस सापडला.

म्हणूनच 29 एप्रिल 2025 चा कर्नाटक उच्च न्यायालयाचा आदेश वाचून मी अस्वस्थ झाले. महिला कर्मचाऱ्याविषयी अश्लील मेल आल्याची तक्रार एका कंपनीने केली होती, आणि न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली, म्हणजे साइट रोखण्याच्या कलमाखाली, प्रोटॉन मेल बंद करण्याची कार्यवाही करायला केंद्राला सांगितलं. त्या बाईचा त्रास खरा आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण साइट बंद केली म्हणून मेल पाठवणारा सापडत नाही. तो उद्या दुसरी सेवा धरतो, आणि माझ्या वर्गातल्या ताईंसारख्यांच्या हातातलं साधन मात्र जातं. गुन्हेगारापर्यंत पोचायचा रस्ता स्वित्झर्लंडच्या न्यायव्यवस्थेतून जातो. फ्रान्सला तो सापडला. आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला त्यासाठी कुणाकडे, कोणत्या नमुन्यात अर्ज करायचा, हे कोण सांगणार? ते आपल्या मंत्रालयाने गृह खात्याला सोबत घेऊन करावं, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरी विनंती माझ्या वर्गासाठी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी, असं म्हटलं आहे. अनुसूचीत मराठी आहे. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्याही या कायद्यात येतात. कोणती माहिती घेतो आणि कशासाठी, हे त्या सूचनेत यावंच लागेल. त्यात आणखी दोन ओळी सक्तीच्या करा: आम्ही काय झाकू शकत नाही, आणि सरकारी आदेश आला तर आमच्याकडचं काय काय द्यावं लागेल. या ओळी खातं उघडतानाच, पासवर्डच्या रकान्याच्या वर दिसल्या पाहिजेत. खाली बारीक अक्षरात असलेलं कुणी वाचत नाही, मीसुद्धा वाचत नव्हते.

कुणी म्हणेल, एवढं सांगितलं तर गुन्हेगार सावध होतील. महोदय, त्यांना हे आधीपासून माहीत असतं. माहीत नसतं ते घाबरत घाबरत पहिली तक्रार लिहिणाऱ्या बाईला.

अशा सूचनेचा एक मसुदा मी मराठीत लिहिला आहे. गेल्या रविवारी तो वर्गात वाचून दाखवला, तर बायकांनी 'मेटाडेटा' हा शब्द काढायला लावला आणि तिथे 'कुणी, कुणाला, कधी, कुठून' असं घालायला सांगितलं. तो दुरुस्त केलेला कागद या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली,
नाशिकच्या एका वाचनालयातली कॉम्प्युटर शिक्षिका