लेस्टरहून, सगळ्यांना वाचून दाखवण्यासाठी

लेस्टर, 12 नोव्हेंबर

तीर्थरूप आई व तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं तात्या म्हणतीलच. पण फोनवर आईचे डोळे भरतात, तात्या 'बरं, ठेवतो' म्हणतात आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय आजीला ऐकू कमी येतं. तिला हे सावकाश वाचून दाखवा.

आधी तब्येतीचं. मी उत्तम आहे. व्हिडिओवर गाल बसल्यासारखे दिसतात ते दिव्यामुळे. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे, तिथे उकडा तांदूळ, सुकं खोबरं, अगदी कोकमसुद्धा मिळतं. बांगडाही मिळतो, बर्फातला, पण मिळतो. थंडीचं म्हणाल तर खोलीत हीटर आहे आणि मी तो लावते. पैसे वाचवायला बंद ठेवत नाही. आईने परत विचारू नये.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. 'पोर दिवसभर थडग्यांत वावरते, घरी येऊन आंघोळ तरी करते का?' आजी, मी थडग्यांत नाही, कागदांत वावरते. इथल्या एका बाईंनी आयुष्यभर देशातली चर्चं पालथी घालून आतल्या स्मारकांचा अभ्यास केला. त्या गेल्या, घरच्यांनी त्यांचे सगळे कागद आमच्याकडे दिले. ते लावून त्यांची यादी करायची, हे माझं काम. आणि आंघोळ मी करतेच, ती सकाळी.

तात्या, तुम्हाला हे काम लगेच कळेल. तुमच्या तलाठी सजाचं दप्तर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. बुटांच्या खोक्यांत हाताने लिहिलेली कार्डं, प्रत्येक स्मारकाचं एक: गाव, चर्चमधली नेमकी जागा, दगड कुठला, घडवणारा कोण, लेखात काय कोरलंय. तपकिरी पाकिटांत काळेपांढरे फोटो, मागे पेन्सिलीने तारीख. पाद्र्यांची पत्रं, 'छत गळतंय, तुमच्या सरदाराच्या नाकावर पाणी पडतंय' अशा मजकुराची. मी गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढते, कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये घालते आणि पेन्सिलीने नंबर टाकते. शाईचं पेन टेबलावर आणायलाच बंदी. जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरचा वास मारतो. फिल्म सडायला लागली की तसा वास येतो, मग ती वेगळी काढून थंड खोलीत ठेवावी लागते. बाईंनी लावलेला क्रम मात्र मोडायचा नाही, तो कितीही वेडावाकडा असो. 1974 मध्ये इथले जिल्हे बदलले, रटलंड लेस्टरशरमध्ये गेलं आणि 1997 मध्ये पुन्हा वेगळं झालं, पण बाईंच्या खोक्यांवर शेवटपर्यंत जुनेच जिल्हे. तुम्ही नाही का, 1981 मध्ये सिंधुदुर्ग झाल्यावरही कित्येक वर्षं पत्त्यात 'जि. रत्नागिरी' लिहीत होतात.

याचा उपयोग काय, असं काकांनी विचारलं म्हणे. काकांना सांगा, उपयोग आहे. इथली जुनी स्मारकं पुष्कळदा अलाबास्टरची असतात. तो दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो, आणि ओल लागली की हळूहळू झिजतो. जोडायला घातलेल्या लोखंडी कांबी गंजून फुगतात, दगडाला तडा जातो. मग दुरुस्ती करणारे विचारतात, पूर्वी इथे हात होता का, त्यात काय धरलं होतं? ते बाईंच्या फोटोत सापडतं. यांच्या आधी कॅथरीन एस्डेल नावाच्या बाईंनी हेच वेड घेतलं होतं, 1946 मध्ये त्यांचं इंग्लंडच्या चर्चमधल्या स्मारकांवरचं पुस्तक आलं. त्यांचे कागद आज कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. कागद सातासमुद्रापलीकडे जपून राहतात, तर माणसाचीही काळजी नसावी.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही, ती नीट सांगते. इथे लोक थडग्यांवर उभे राहून कॉफी पितात. खरंच. मोठमोठी माणसं पूर्वी चर्चच्या आतच पुरत, वेदीच्या जितकं जवळ तितका मान जास्त आणि खर्चही जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कायद्याने शहरांतलं ते बंद झालं. त्यामुळे जुन्या चर्चची जमीन म्हणजे नावं कोरलेल्या शिळाच. त्यांवरून सगळे बूट घालून चालतात. रविवारी प्रार्थना संपली की मागे टेबल मांडतात, किटली, बिस्किटं, दुधाचा जग, आणि ज्याच्या छातीवर आपण उभे आहोत त्याचं नाव वाचत हवापाण्याच्या गप्पा. पोरं एका शिळेवरून दुसरीवर उड्या मारतात. एका ठिकाणी तर सरदार-सरदारणीच्या पायथ्याशी फुलांची बादली आणि झाडू टेकवून ठेवला होता. मी पहिल्यांदा कडेकडेने चालत गेले, चुकून पाय पडला की हात कपाळाला. एका म्हातारीने विचारलं, पाठ दुखते का? मी कारण सांगितलं तर म्हणाली, 'अगं, त्यांना सोबत होते.' अनादर नाही त्यांच्या मनात. उलट तिथली धूळ त्याच पुसतात, वर्षानुवर्षं, पैसे न घेता. तरी मी अजूनही कडेनेच चालते.

आजीसाठी खास एक. इथून जवळ बॉटस्फर्ड गावाच्या चर्चमध्ये रटलंडच्या सरदार घराण्याची स्मारकं आहेत, गाभाऱ्यात इतकी दाटीवाटी की पाद्र्याला अंग चोरून जावं लागत असेल. त्यांतली दोन लंडनच्या सदर्कमध्ये गेरार्ड जॉन्सनच्या कारखान्यात घडवली, बोटीने बॉस्टन बंदरापर्यंत आणली (हे बॉस्टन इथलंच) आणि पुढे गाड्यांवर घालून गावात. सहावा अर्ल, म्हणजे त्या घराण्याचा सहावा सरदार, 1632 मध्ये गेला. तो दोन बायकांच्या मध्ये आडवा आहे, आणि दोन लहान मुलगे गुडघे टेकून बसलेत, हातात कवटी. आईबापांच्या आधी गेलेल्या मुलांच्या हातात कवटी द्यायची, अशी इथली रीत. म्हणजे गेलेलं मूलसुद्धा कुटुंबाच्या रांगेत असतंच, फक्त हातात कवटी. आणि लेखात स्पष्ट कोरलंय की ही मुलं दुष्ट कृत्याने आणि जादूटोण्याने गेली. करणीच की! फ्लॉवर नावाच्या मायलेकींवर आळ आला. आई तुरुंगाच्या वाटेवरच मेली, दोघी मुलींना 1619 मध्ये लिंकनला फाशी दिलं. दगडात सरदाराची बाजू तेवढी राहिली, त्या पोरींसाठी कुणी ओळ कोरली नाही. त्या कार्डावर बाईंनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलंय. मला त्या तिथे फार आवडल्या.

दादासाठी एक काम. त्याचं ऑफिस फोर्टातच आहे ना? जेवणाच्या सुट्टीत हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जाऊन यावं. 1795 ते 1811 मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकनचं स्मारक तिथे आहे, लंडनच्या धाकट्या जॉन बेकनने केलेलं. त्यावर दोन मुलं एक पट धरून आहेत, बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा मजकूर असलेला. बाईंच्या 'बॉम्बे' लिहिलेल्या पाकिटात नुसतं एक चिठोरं निघालं, फोटो नाही. दादाने लेख वाचता येईल असा फोटो काढावा. सेल्फी नको.

आणि आता दादाचं लग्न. मी येऊ शकत नाही. व्हिसा वाढवायचा अर्ज आत आहे, त्याचा निकाल लागायच्या आधी देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मार्चपर्यंतचं काम हातचं जाईल. मुद्दाम केलं नाही. आईला वाटतं मी हळद चुकवायला कारण शोधलं. नाही गं, आई. वहिनीला मी स्वतः फोन केलाय, ती समजूतदार आहे, तुमच्यापेक्षा जास्तच. पत्रिकेत माझं नाव घाला मात्र. 'सध्या लेस्टर' वगैरे काही लिहू नका, नुसतं नाव.

पनवेलच्या स्थळाला नको म्हणून कळवा. मुलात खोट नाही, पण मार्चनंतर मी कुठे असेन हे मलाच ठाऊक नसताना त्यांना ताटकळत का ठेवायचं? इथे कुणी आहे का, असं मावशीने आडून विचारलं. कुणी नाही. असतं तर मावशीच्या आधी आजीला सांगितलं असतं.

पैसे सोमवारी पाठवलेत, तात्यांच्या खात्यात. त्यातून आधी आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, लग्नाच्या आधी, म्हणजे तिला नवरी नीट दिसेल. उरतील ते मांडवाला. माझ्यासाठी सोनं करू नका, आईला बजावून सांगतेय. आणि तात्या, 'एवढे कशाला' म्हणून परत पाठवायची भाषा नको. मी पोटाला चिमटा काढून पाठवलेले नाहीत, थोडाच काढलाय.

आजीला नमस्कार. मांडवात आईने उपाशी फिरू नये.

तुमची,
चिमी

ता. क. दादाच्या कोटाचं माप या आठवड्यात कळवा. इथे सेल लागलाय, आणि येणाऱ्या एका मैत्रिणीच्या बॅगेत जागा आहे. खांद्याचं माप शिंप्याकडून घ्या, तात्यांनी अंदाजाने सांगू नये.